मदत हवी आहे: लिथियम-आयन सेलचे आरसी मॉडेल २० टक्क्यांखाली भरकटते

नमस्कार मंडळी,

२.५ अँपिअर-तासाच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलचे थेवेनिन मॉडेल, म्हणजे सेलसारखे वागणारे साधे सर्किट, पायथनमध्ये बनवतोय. ओसीव्ही (लोड नसतानाचा व्होल्टेज), त्याला जोडून आर० (अंतर्गत रोध) आणि पुढे आरसीची एक जोडी (रोध आर१ आणि कपॅसिटर सी१), एवढाच संसार. पल्स टेस्ट अशी: २.५ अँपिअरने ६ मिनिटे डिस्चार्ज, म्हणजे १० टक्के एसओसी (सेलमध्ये उरलेला चार्ज), मग एक तास विश्रांती, असे १०० पासून ० पर्यंत. लॉगर सेकंदाला एकच रीडिंग देतो.

५० टक्क्यांना आर० ३० मिलिओहम, आर१ १५ मिलिओहम आणि सी१ २००० फॅरड आले. दोन हजार फॅरड बघून दचकलोच, पण टाइम कॉन्स्टंट (आर१ गुणिले सी१, जोडी किती वेगाने भरते याचे माप) ३० सेकंद निघतो, तेव्हा आकडेमोड बरोबर असावी.

आता अडचण. सतत बदलणारा करंट दिला की २५ टक्क्यांपर्यंत मॉडेल आणि मोजमापात १०-१२ मिलिव्होल्टचाच फरक. वीसच्या खाली मात्र खरा सेल भराभर घसरतो आणि मॉडेल वरच रेंगाळते. १२ टक्क्यांना फरक ९० मिलिव्होल्ट! दुसरी आरसी जोडी लावल्यावर ६० वर आला, पुढे हलेना. ओसीव्हीच्या टेबलात दर १० टक्क्यांना एकच पॉइंट आहे, दोष त्याचाच का? टेस्ट पुन्हा करायची तर अख्खा दिवस जातो, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद

टेबलावर खापर फोडण्याआधी चूक कोणत्या दिशेने आहे ते बघा. खालच्या टोकाला ओसीव्हीचा वक्र वरच्या बाजूला फुगलेला असतो, दोन पॉइंट जोडणारी सरळ रेषा त्याच्या खालून जाते. टेबल विरळ असेल तर मॉडेल कमी व्होल्टेज दाखवेल. तुमचे नेमके उलटे आहे.

मला दोनच संशयित दिसतात: एसओसीची मोजणी किंवा संथ डिफ्यूजन (कणांच्या आत लिथियमचे हळूहळू पसरणे). लोड थांबवून सेल तासभर तसाच ठेवा. त्यानंतरही तो मॉडेलच्या खालीच असेल तर मोजणी चुकली. करंट सेन्सरचा २० मिलिअँपिअर ऑफसेट (कायमची चूक) पाच तासांत १०० मिलिअँपिअर-तास खातो, तुमच्या सेलचे ४ टक्के. मॉडेलशी जुळला, तर डिफ्यूजन.

(एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट सेल, नाही हे नशीब. चार्ज आणि डिस्चार्जनंतरचा ओसीव्ही वेगळा पडतो त्या हिस्टेरेसिसने वेगळाच पिच्छा पुरवला असता.)

धागाकर्ता

लोडनंतरची विश्रांती लॉगमध्ये होतीच, बघायचे सुचले नाही. तासाभराने फरक फक्त ४ मिलिव्होल्ट. म्हणजे डिफ्यूजन. पण त्यासाठीच तर दुसरी जोडी लावलीये की! विश्रांतीच्या वक्रावरून तिचा टाइम कॉन्स्टंट ६०० सेकंद आला. त्या भागात व्होल्टेज जेवढा सावरला त्याला २.५ ने भागून तिचा रोध आर२ काढला.

प्रतिसाद

घोळ सापडला. ६०० सेकंदांची जोडी ३६० सेकंदांच्या पल्समध्ये पूर्ण भरतच नाही. भरते ती १ वजा ई चा उणे ०.६ वा घात, म्हणजे जेमतेम ४५ टक्के. तुम्ही ती पूर्ण भरली असे धरलेत, त्यामुळे आर२ खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी आला. त्याला ०.४५ ने भागा. आर१ ला हात लावू नका, ३० सेकंदांची जोडी सहा मिनिटांत काठोकाठ भरते.

वरच्या एसओसीला ही चूक लपली, कारण तिथे ओसीव्हीचा उतार सौम्य असतो. कणांच्या पृष्ठभागावरचे लिथियम आतल्यापेक्षा थोडे कमीजास्त झाले तरी व्होल्टेज फारसा हलत नाही. खाली उतार तीव्र, तेवढाच फरक तिथे अंगावर येतो.

जाता जाता: सेकंदाला एक रीडिंग म्हणजे तुमच्या आर० मध्ये चार्ज ट्रान्सफरचाही (इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच्या अभिक्रियेचा) वाटा मिसळलाय. या कामापुरते चालेल.

धागाकर्ता

भागले! १२ टक्क्यांना ६० चे २२ मिलिव्होल्ट झाले. आणि गंमत म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास मॉडेल आता खऱ्या सेलच्या खाली जातेय, तुम्ही टेबलाबद्दल म्हणालात तसे. आज रात्री १० ते ० मध्ये दर २ टक्क्यांना पॉइंट घ्यायला लावतो.