फर व्यापारातील चांदीचे जुने दागिने: ठशावर किती विसंबावे?

रंकाळाकाठ:
नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि बरीच वर्षे जुनी नाणी व चांदीच्या वस्तू जमवतो. अलीकडे माझे लक्ष उत्तर अमेरिकेतील फर व्यापाराच्या काळातल्या दागिन्यांकडे वळले आहे. बीव्हर या दाट केसांच्या पाणथळ प्राण्याच्या कातड्यांच्या मोबदल्यात किंवा मैत्रीची भेट म्हणून युरोपीय व्यापारी तिथल्या आदिवासींना जे ब्रोच, दंडातले पट्टे, कानातले आणि क्रूस देत असत, त्यांचा साधेपणा मला फार भावतो. एका परदेशी लिलावात असा एक वर्तुळाकार ब्रोच विक्रीला आला असून त्यावर ‘आर सी’ अशी अक्षरे आहेत. माझा भाचा टोरांटोला असतो आणि दिवाळीला येताना तो ब्रोच आणू शकेल. या ठशावर विसंबून बोली लावावी का, आणि वस्तू हाती आल्यावर गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, उजाळून घ्यावी का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_दस्तऐवज:
‘आर सी’ हा माँट्रियलचे चांदीकाम करणारे रॉबर्ट क्रुकशँक यांचा ठसा म्हणून ओळखला जातो; त्यांच्याच काळातले पिएर ह्युगे ‘पी एच’ असा ठसा मारीत. १७७९ मध्ये फरचा व्यापार करणारी नॉर्थ वेस्ट कंपनी उभी राहिली, १६७० पासून चालत आलेल्या हडसन्स बे कंपनीशी तिची चुरस लागली आणि या चुरशीत माँट्रियलच्या कारागिरांना चांदीच्या मोठमोठ्या मागण्या मिळू लागल्या. १८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्यावर हे काम झपाट्याने ओसरले आणि पुढे बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांची जागा रेशमी टोप्यांनी घेतली. मात्र हे सारे माँट्रियलपुरतेच मर्यादित नव्हते. फिलाडेल्फियाचे जोसेफ रिचर्डसन १७५० च्या दशकातच गळ्यातल्या चंद्रकोरी आणि पदके घडवीत होते.

या कारागिरांच्या प्रसिद्धीमुळेच ठसा हा पुरावा म्हणून सर्वांत दुबळा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला नक्कल करायची आहे, तो सर्वांत आधी नामांकित कारागिराचीच अक्षरे कोरून घेतो. बीव्हरच्या आकाराचे पदक तर इतके दुर्मीळ आणि इतके हवेहवेसे आहे की, ते स्वस्तात दिसले तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

हुपरीचा_कारागीर:
आमच्या घरात चांदीचेच काम चालते, त्यामुळे धातूपुरते सांगतो. या ब्रोचला अडकण नसते. कापड मधल्या छिद्रातून वर ओढून त्यातून काटा आरपार घालतात, आणि कापड मागे ताणले गेले की काटा कडेवर घट्ट बसतो. काट्याचे एक टोक कडीभोवती वळवलेले असते. त्यामुळे खरोखर वापरलेल्या वस्तूत काटा जिथे फिरतो तिथे कडी झिजून बारीक खाच पडलेली असते आणि काट्याचे टोक जिथे टेकते तिथली धारही बोथट झालेली असते. सर्वत्र सारखीच घासलेली वस्तू दिसली तर ती झीज मुद्दाम आणली असण्याची शक्यता अधिक.

ठसा पाहायचा तो पाठीमागून. पातळ पत्र्यावर ठसा मारला की मागच्या बाजूला थोडा फुगवटा येतो; साच्यात ओतलेल्या नकलेत तो नसतो, अक्षरांच्या कडा मऊ असतात आणि भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. पत्रा एकसारख्या जाडीचा आहे म्हणून वस्तू नवी, असे कोणी सांगितले तर ते मानू नका, कारण रुळांतून पत्रा काढण्याची सोय अठराव्या शतकातही होती.

टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढताना कसोटीवर घासू देऊ नका आणि तेजाबही लावू देऊ नका. एक्स-रे यंत्रावरच तपासा. त्या काळी चांदी आजच्यासारखी शुद्ध करता येत नसे, म्हणून जुन्या चांदीत सोन्याचा आणि शिशाचा अंश बहुधा सापडतो. हे अंश मुळीच नसतील तर शंका घ्यावी. पण ते सापडले म्हणून खात्रीही बाळगू नये, कारण जुनी नाणी गाळून कोणीही नवी वस्तू करू शकतो.

रंकाळाकाठ:
दादा, पाठीमागच्या फुगवट्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. आजच विक्रेत्याकडे मागच्या बाजूचे छायाचित्र मागितले आहे. काही ब्रोच जर्मन सिल्व्हरचे असतात असेही वाचले, ते कसे?

करवीरकन्या:
जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नसते. हा धातू युरोपात १८२० च्या दशकात बाजारात आला. त्यामुळे त्यावर क्रुकशँक यांचा ठसा असेल तर वस्तू नकली ठरते. मात्र उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील आदिवासी जमातींनी नंतरच्या काळात याच धातूचे सुंदर दागिने घडवले, आणि ते त्या काळाचे म्हणून पूर्णपणे खरे आहेत.

माझा मुख्य आग्रह वेगळा आहे. हे दागिने मृतांसोबत पुरण्याची प्रथा अनेक जमातींत होती, त्यामुळे बाजारातल्या कितीतरी वस्तू थडगी उकरून काढलेल्या असतात. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून दफनातील वस्तू जमातींना परत करण्याची तरतूद केली आणि अशा वस्तूंच्या बेकायदा खरेदी-विक्रीला गुन्हा ठरवले. विक्रेत्याकडे ब्रोच कोणत्या संग्रहातून आला याचा लेखी माग नसेल, किंवा ‘नदीकाठी सापडला’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो कितीही अस्सल असला तरी घेऊ नये, असे मी कळकळीने सांगते. कोणाच्या तरी आजीच्या अंगावरचा तो दागिना आहे. कॅनडातून जुन्या सांस्कृतिक वस्तू बाहेर नेण्यावरही कायद्याचे नियंत्रण आहे, म्हणून भाच्याच्या सामानात ठेवण्याआधी परवाना लागतो का, याची चौकशी तिथेच करून घ्यावी. तुलनेसाठी नेब्रास्कातील चॅड्रन येथे फर व्यापाराला वाहिलेले संग्रहालय आहे, आणि माँट्रियलच्या मॅककॉर्ड संग्रहालयातील वस्तूही पाहण्यासारख्या आहेत.

उजाळ्याविषयी: यंत्रावर तर मुळीच देऊ नका, चिंचही लावू नका. फिरत्या चाकावर ठशाच्या कडा आणि कोरीव रेघा एकदाच पुसल्या जातात, त्या परत येत नाहीत. मऊ सुती कापडाने हलकेच धूळ टिपावी आणि पावसाळ्यात कोरड्या डबीत ठेवावे. रबर बँड किंवा लोकरीचे कापड जवळ नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.