लिसमलिनवरून मोटरवे गेला, वूडस्टाऊनला मात्र रस्ताच सरकला. बरोबर कोणतं?

माळरान
आयर्लंडमधल्या या दोन जागा शेजारी शेजारी ठेवून बघा. लिसमलिन मीद काउंटीत आहे. डब्लिनहून वायव्येला जाणाऱ्या एम३ मोटरवेसाठी २००७ मध्ये तिथली माती काढली, तर लोहयुगातलं लाकडी खांबांचं गोल रिंगण निघालं, व्यास सुमारे ८० मीटर. आयर्लंडच्या राजांची गादी मानली जाणारी टारा टेकडी तिथून जवळच. त्याच वर्षी सरकारने जागेला राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केलं, नोंदी करून रस्त्याच्या वाटेतला भाग खणून काढला आणि २०१० मध्ये तिथून गाड्या धावू लागल्या.

वूडस्टाऊनची गोष्ट २००३ ची. वॉटरफर्डच्या बायपासआधी चाचणी खणताना शुअर नदीकाठी नवव्या शतकातली व्हायकिंग वस्ती सापडली. हजारो वस्तू, चांदी तोलायची शिशाची वजनं, शस्त्रांसकट पुरलेला एक योद्धा. तिथे रस्ता बाजूला घेतला आणि वस्तीचा मोठा भाग अजून जमिनीत सुखरूप आहे.

लिसमलिनला चूक झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्खनन एकदाच करता येतं. पन्नास वर्षांनी कुणाला नवा प्रश्न पडला, तर फक्त आपल्या नोंदी हातात असतील, आणि आपल्याला जे सुचलं तेवढंच त्यांत असेल.

पूलबांधणी
असहमत. रस्ता नसता तर लिसमलिन सापडलंच नसतं. वरून बघून काही कळण्यासारखं नव्हतं. बिनदाताच्या बकेटने वरची माती हलक्या हाताने काढल्यावर, खांब होते तिथे काळपट मातीचे गोल डाग दिसले. लाकूड कधीच कुजून गेलेलं. अशा डागांचं तुम्ही करणार काय? उघडे ठेवले तर दोन पावसाळ्यांत नाहीसे होतील. मोजमाप, नकाशे, कोळशाचे नमुने, त्यावरून काळ ठरवणं, यातूनच ते रिंगण आपल्याला कळलं. आणि खर्च केला रस्त्याच्या प्रकल्पाने. २००० मध्ये तिथल्या रस्ते प्राधिकरणाने सरकारबरोबर आचारसंहिता केली, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या रस्त्यावर पुरातत्त्वज्ञ नेमलेला असतो. नुसत्या संशोधन निधीवर एवढं खणून झालं नसतं.

नॅवनकर
मी इथेच, टाराजवळच्या नॅवन गावात राहतो, म्हणून थोडं. एम३ च्या आधीच्या जुन्या एन३ रस्त्यावरून रोज डब्लिनला जाणाऱ्यांचे हाल खरे होते, रस्ता हवाच होता. पण टाराच्या खोऱ्यातूनच हवा होता का? कवी शेमस हीनींनी २००८ मध्ये जाहीरपणे विरोध केला होता. पुढे टोलचा करार असा निघाला की ठरलेली वाहतूक न झाल्यामुळे सरकारलाच कंपनीला पैसे भरून द्यावे लागले. डब्लिन ते नॅवन प्रवासी रेल्वे मात्र अजूनही सुरू नाही. म्हणून दुसरा पर्यायच नव्हता, असं मला वाटत नाही.

माळरान
@पूलबांधणी, रस्त्यामुळे सापडलं हे मान्य. वूडस्टाऊनही रस्त्यामुळेच सापडलं की! फरक पडला तो सापडल्यानंतरच्या निर्णयात. आणि डाग उघडे ठेवायला कोण सांगतंय? पुन्हा मातीने झाकायचे आणि रस्ता बाजूने न्यायचा. पण एम३ च्या मार्गाला मंजुरी २००३ मध्येच मिळाली होती, रिंगण सापडलं चार वर्षांनी. एवढं पुढे गेल्यावर रस्ता हलवायला कुणीच तयार होत नाही. म्हणून कसून तपासणी मार्ग ठरण्याआधी व्हायला हवी.

पांढरीची माती
+१. आपल्याकडे तर हा वाद व्हायची वेळच येत नाही. गावाशेजारी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड असतं, तिथली माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली जायची. आता तीच भरावाला जाते. २०१० च्या कायद्याने १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये नियंत्रण आहे, पण ते आधीच संरक्षित असलेल्या स्मारकाभोवती. ज्या टेकाडाची कागदोपत्री नोंद नाही, त्याला कोण विचारतो? घोड नदीकाठचं इनामगाव डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं सावकाश खणलं, म्हणून ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची घरं, धान्य, लहान मुलांची दफनं कळली. तिथे आधी जेसीबी पोचला असता, तर यातलं काही उरलं नसतं. आपल्याला लिसमलिनइतकं मिळालं तरी मी समाधानी होईन.

माळरान
मी नाही होणार. सुरुवातीलाच कमी मागितलं तर तेवढंही पदरात पडत नाही.

पूलबांधणी
मी साइटवर काम केलंय म्हणून सांगतो. खापरं दिसली की काम बंद, हे मुकादमाला एकदा कळलं की खापरं दिसणारच नाहीत, रातोरात भराव पडेल. आयर्लंडमध्ये हे जमतं, कारण उत्खननाचे पैसे आणि दिवस आधीच अंदाजपत्रकात धरलेले असतात. कंत्राटदाराचं नुकसान होत नाही, म्हणून तो लपवत नाही. आपल्याकडे पहिली मागणी ही असायला हवी. मार्ग ठरण्याआधी खड्डे घ्या म्हणता, पण मोबदला हातात पडल्याशिवाय कोणता शेतकरी उभ्या पिकात चाचणीखड्डा घेऊ देईल?

माळरान
पीक निघाल्यावर घ्या, आणि खड्ड्याचं भाडं द्या. मातीचे नमुने घ्यायला भूसंपादनाआधीच बोअर मारता ना? तेव्हा शेतात शिरता येतं, मग खापरांसाठी का नाही?

पूलबांधणी
बोअरला एक दिवस पुरतो, चाचणीखड्ड्यांना पूर्ण हंगाम जाईल. तरी भाड्याची कल्पना करून बघण्यासारखी आहे. लिसमलिनबद्दल मात्र माझं मत तेच.