सेंटर फायर पिस्तूल: तीन सेकंदांच्या भागात गोळ्या खाली-डावीकडे जातात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लष्करी संघाच्या निवड चाचणीची तयारी करतोय. दोन प्रकार खेळायचे आहेत, दोन्ही २५ मीटरवरचे: सेंटर फायर आणि मिलिटरी रॅपिड फायर. आजवरचा सगळा सराव हलक्या झटक्याच्या .२२ कॅलिबरच्या पिस्तुलावर झाला. चार महिन्यांपूर्वी जास्त झटक्याचं .३२ हातात आलं आणि तिथून गाडी अडली.

सेंटर फायरचा पहिला, प्रिसिजनचा भाग जमतो. पाच मिनिटांत पाच गोळ्या, अशा सहा सिरीज. ३०० पैकी २८४-२८५ होतात. दुसऱ्या भागात टार्गेट तीन सेकंद समोर वळतं आणि सात सेकंद फिरलेलं राहतं. तेवढ्या तीन सेकंदांत ४५ अंशांवरून हात उचलून एकच गोळी मारायची. इथलं दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, प्रिसिजनमधल्या ५० च्या दुप्पट. तरीही माझे २६५ च्या वर जात नाहीत. मी उजव्या हाताचा, आणि चुकलेल्या गोळ्या जवळपास सगळ्या सात वाजता पडतात.

परवा सोबत्याने मला न सांगता मॅगझिनमध्ये एक डमी (न उडणारं) काडतूस भरलं. तिसऱ्या खेपेला चाप ओढला, बार झाला नाही, आणि नळी खाली डुबकी मारताना मला स्पष्ट दिसली. झटका येण्याआधीच मनगट खाली दाबत होतं. म्हणजे दुखणं कळलंय, औषध हवंय.

काही दिवस .२२ वर परत जाऊ का? चापाचा पहिला टप्पा (गोळी सुटण्याआधीची सैल ओढ) हात वर येतानाच घ्यायचा, की माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) स्थिरावल्यावर? प्रशिक्षक म्हणतात वर येतानाच, पण गोळी अवेळी सुटेल या भीतीने बोट आखडतं. शिवाय मिलिटरी रॅपिडमध्ये पाच गोळ्यांना आधी १०, मग ८, मग ६ सेकंद मिळतात. सहा सेकंदांत पहिली गोळी उशिरा सुटली की उरलेल्या चार मी अक्षरशः उधळतो. दोन्हींचा सराव एकाच दिवशी करावा का?

प्रतिसाद: प्रशिक्षकांचं ऐका. तीन सेकंदांतला निम्मा वेळ हात उचलण्यात जातो. त्यानंतर माशी स्थिर होण्याची वाट पाहत बसलात तर उरलेल्या क्षणात चाप दाबला जात नाही, उपटला जातो. पहिला टप्पा वर येतानाच संपवा आणि माशी थोडी हलत असतानाच दाब वाढवत राहा. अवेळी गोळी सुटण्याची भीती कोरड्या सरावात घालवा: रिकामं पिस्तूल, तीन सेकंदांचा टायमर, रोज पन्नास वेळा तरी.

.२२ सोडू नका, पण त्यावर पळूनही जाऊ नका. आधी थोडा वेळ .२२, मग .३२, आणि .३२ च्या प्रत्येक पाचात एक-दोन डमी. भरायच्या सोबत्यानेच. तुम्ही भरल्यात तर हाताला माहीत असतं.

रॅपिडचा सराव वेगळ्या दिवशी ठेवा आणि सुरुवातीला सहा सेकंदांत फक्त दोन गोळ्या मारा. पहिली वेळेवर जाऊ लागली की तिसरी वाढवा.

एक विचारतो. प्रिसिजनला तुम्ही टार्गेटच्या काळ्या गोलाच्या खाली नेम धरता, आणि तीन सेकंदांना टार्गेटवरच्या पांढऱ्या आडव्या रेषांच्या पातळीत, मध्यावर? मग साइटचे क्लिक (नेम वर-खाली सरकवणारे खटके) बदलता का?

मूळ लेखक: हो, नेम तसाच धरतो. क्लिक मात्र बदलत नाही.

प्रतिसाद: म्हणजे साइट अजून प्रिसिजनसारखी, नेमाच्या वर गोळी जाईल अशीच लावलेली आहे. मग मध्यावर नेम धरल्यावर गोळ्या खरं तर दहाच्या वर जायला हव्या होत्या. त्या खाली जाताहेत, म्हणजे मनगटाचा दाब तुम्हाला वाटतो त्याहून बराच जास्त आहे. आत्ताच क्लिक फिरवू नका, नाहीतर चूक साइटमध्ये लपेल. आधी डमीवर नळी जागची हलेनाशी होऊ द्या, मग साइट लावा.

मूळ लेखक: हे ध्यानातच आलं नव्हतं. उद्यापासून डमी. दोन आठवड्यांनी टार्गेटचे फोटो इथेच टाकतो.