‘बोट लागणे’ प्रदर्शनातल्या फलकावर चालेल का?

वेंगुर्ल्याहून : शाळेच्या प्रदर्शनासाठी जहाजांवरच्या औषधोपचारांच्या इतिहासावर फलक लिहितेय. ‘सीसिकनेस’ला, म्हणजे जहाजात मळमळतं त्याला, सगळे ‘समुद्री आजारपण’ सुचवतात. आमच्या घरी सरळ ‘बोट लागता’ म्हणतत. मुख्याध्यापक म्हणाले, वाचणाऱ्याला वाटेल बोट धक्क्याला लागली!

मालवणहून : वाटू दे की. बंदराला लागली तर सुटका, माणसाला लागली तर ओकारी. कोणाला लागली ते वाक्यच सांगतं. ऊन लागतं, दृष्ट लागते, घाट लागतो. बाहेरचं काहीतरी येऊन माणसाला चिकटतं. ‘लागण’ही त्यातलीच. ‘समुद्री आजारपण’ वाचून मला तर मासे आजारी पडलेत असं वाटलं.

आणखी एक गंमत. ‘नॉशिया’ (मळमळ) हा इंग्रजी शब्द ग्रीक ‘नाउस’ म्हणजे जहाज, त्यावरून आलाय. संस्कृत ‘नौ’ त्याचीच बहीण. म्हणजे इंग्रज दोष देतो समुद्राला, ग्रीक आणि आपण देतो बोटीला. मला आपलंच बरोबर वाटतं. बोटीच्या बंद खोलीत डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कानातला तोल सांगतो हलतंय. पोट ढवळतं ते या भांडणापायी. माझी आजी मुंबईहून बोटीनं यायची तेव्हा आत बसायचीच नाही. डेकवर वळकटी टाकून किनाऱ्याच्या रेघेवर नजर, गालात आमसूल.

रत्नागिरीहून : ताई, आमसूल आलंच आहे तर एक विनंती. स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाच्या, फलकावर ते औषध म्हणून लिहू नका, मोह होतो. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व नव्हे. ब्रिटिश आरमारातल्या जेम्स लिंड या डॉक्टरनं 1747 साली ‘सॉल्सबरी’ जहाजावर 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला व्हिनेगर, एकीला पाण्यात घातलेलं गंधकाम्ल. दोन्ही आंबट, दोन्ही निरुपयोगी. संत्री-लिंबं मिळालेली जोडी आठवड्याच्या आत सुधारली. तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट सुरू व्हायला 1795 उजाडलं. सरकारी काम, दुसरं काय!

शब्दही ‘स्कर्व्ही’च ठेवा. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून कोणी ‘रक्तपिती’ लिहितात. रक्तपिती म्हणजे महारोग. आयुर्वेदातलं ‘रक्तपित्त’ आणखी वेगळं.

वेंगुर्ल्याहून : बाप रे, माझ्या कच्च्या मसुद्यात रक्तपितीच होतं. खोडलं. आता शेवटचं. ‘मेरी रोझ’ हे इंग्रज जहाज 1545 साली बुडालं, 1982 साली वर काढलं. त्यावर ‘बार्बर-सर्जन’ची पेटी सापडली. मलमाचे लाकडी डबे, वस्तरे, पिचकारी. ‘नापित-शल्यविशारद’ असं एकानं सुचवलंय.

मालवणहून : नाटकातलं पात्र वाटतं! आपल्याकडेही न्हावी गळू फोडायचा, तुंबडी लावायचा. ‘न्हावी-वैद्य’ लिहा, पोरांना लगेच कळेल.

रत्नागिरीहून : वैद्य नको. तो नाडी बघून काढा देणारा, हा कापणारा. ‘शस्त्रवैद्य’ म्हणा हवं तर.

वेंगुर्ल्याहून : ‘न्हावी-शस्त्रवैद्य’ घेतलं. ‘बोट लागणे’ही मंजूर झालं, पण मुख्याध्यापकांनी अवतरणचिन्हात टाकायला लावलंय.