डॅशहंडचं पिल्लू, गुळगुळीत फरशी आणि उंच सोफा: सुरुवातीला काय काय सांभाळायचं?

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. साडेआठ आठवड्यांचं डॅशहंडचं पिल्लू घरी आलंय. मादी आहे, वजन २ किलो. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट आहे. घरभर व्हिट्रिफाइड टाइल्स, सोफा ४५ सेंमी उंच. कार्डावर ४५व्या दिवशी दिलेल्या एकाच लशीची नोंद आहे. आधीच्या घरी दूध-पोळी खात होती, आणि कॅल्शियमचं सिरप रोज २ चमचे द्या असं सांगितलंय.
खायला काय आणि किती द्यायचं? खाली फिरायला कधी न्यायचं? जिना आणि सोफा खरंच वर्ज्य, की लोक उगाच बाऊ करतात? शिवाय रात्री घरात कुठेही शू करते, त्याचंही सांगा.

लस_आणि_ताटली
आधी सिरप बंद करा. पिल्लांच्या तयार कोरड्या खाण्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस मोजून घातलेलं असतं. वरून आणखी कॅल्शियम दिलं तर वाढत्या हाडांचं गणित बिघडतं. पाय आखूड आणि किंचित वाकडे दिसतात ते या जातीचं रूपच आहे, मुडदूस नव्हे. दूधही थांबवा, बऱ्याच पिल्लांना त्याने जुलाब होतात.

प्रमाण: या वयात २ किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण ३५० किलोकॅलरी लागतात. बहुतेक पपी फूडमध्ये १०० ग्रॅमला ३७० ते ४०० असतात, म्हणजे दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास. त्याचे चार भाग करा, सुरुवातीला कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. वाटीने नको, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. जुन्या खाण्यावरून नव्यावर आठवडाभरात हळूहळू या, एकदम बदललं की पोट बिघडतं आणि मग सगळे दोष नव्या खाण्याला देतात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट घरातल्या कुणीही भरवायचं नाही. आजी-आजोबांना हे वेगळं सांगावं लागतं.

लस: आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लशीला निष्प्रभ करते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच दर ३-४ आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. तुमचा पुढचा डोस साधारण आठवडाभरात देय आहे. रेबीज १२ आठवड्यांनंतर. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) लस घेतली का हे कार्डावर बघून घ्या. पावसाळ्यात उंदरांचं मूत मिसळलेल्या, साचलेल्या पाण्यातून तो पसरतो, आणि हिचं पोट जमिनीपासून चार बोटांवर. जंताचं औषध १२ आठवड्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, दर वेळी नव्याने वजन करून.

खाली जमिनीवर सोडणं शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांनी. पार्वोचा (उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराचा) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण तोवर घरात कोंडूनही ठेवू नका. १४ आठवड्यांपर्यंत जे बघितलं-ऐकलं त्याची भीती कमी राहते, म्हणून कडेवर घेऊन रिक्षा, ढोल, शाळा सुटतानाची गर्दी सगळं दाखवा.

गादी_सांभाळा
बाऊ नाही हो. या जातीत मणक्यांमधली गादी वयाच्या पहिल्या वर्षातच कडक व्हायला लागते. आखूड पायांशी जोडलेला जनुकीय बदलच त्याच्या मुळाशी आहे. कडक गादीला दाब झेपत नाही, ती फुटते आणि आतला भाग मज्जारज्जूवर येतो. साधारण चार-पाच डॅशहंडमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, बहुतेकदा चार ते सात वर्षांच्या दरम्यान. तेव्हा दिसतो, पण सवयी आत्ताच लागतात.

पहिलं काम फरशीचं. टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि कंबर पिळवटते. तिच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर खालून रबर असलेल्या सतरंज्या किंवा योगा मॅट टाका. पंजाखालचे केस वाढले तर कापा. नखं टाइल्सवर टकटक वाजू लागली की वाढली समजा.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. पुढच्या बगलांत धरून मुलासारखं उभं उचलायचं नाही. हे घरातल्या लहान मुलांना करून दाखवा.

सोफ्यासाठी रॅम्प. चढ २० अंशांच्या आसपास हवा, म्हणजे ४५ सेंमी उंचीला १३० सेंमी लांब फळी लागते. बाजारातले बरेच रॅम्प ७०-८० सेंमीचे असतात. ते इतके खडे पडतात की कुत्रं बाजूने उडी मारतं. सुताराकडून १२ मिमी प्लाय, ४० सेंमी रुंद, वर जुनं कार्पेट ठोकून, दोन्ही कडांना पट्टी लावून घ्या. रॅम्पशेजारची मोकळी जागा उशा किंवा टेबलाने अडवा, नाहीतर रॅम्प नुसता शोभेचा.

पट्टा गळ्यात नको, छातीवर वाय आकाराचा हार्नेस घ्या.

बिळातला_शिकारी
वरच्या बऱ्याच गोष्टी पटल्या, पण एक जोडतो. भीतीपोटी लोक पिल्लाला जमिनीवर पायच ठेवू देत नाहीत. पाठीचे स्नायू चालण्यानेच घडतात. लशी पूर्ण झाल्यावर सपाट जमिनीवर रोजचं चालणं, हुंगणं, थोडी माती उकरणं याने तिचं भलंच होतं. रस्ता ओलांडताना एक-दोन पायऱ्या आल्या तर चालतील. तीन मजले जिना रोज नको. खरा शत्रू लठ्ठपणा. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. ‘बघा कशी गुटगुटीत आहे’ हे कौतुक डॅशहंडच्या बाबतीत ऐकायलाच नको.

आणखी एक: नसबंदीची घाई करू नका. १२ महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या डॅशहंडमध्ये गादीचा त्रास जास्त असल्याचं ब्रिटनमधल्या पाहणीत आढळलंय. वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

जर्मनीत ही जात बिळात शिरून बिज्जूला (बॅजर) भिडण्यासाठी तयार झाली. तिथे मालक वर आणि कुत्रं खाली एकटं, त्यामुळे ‘ये’ म्हटल्यावर येणं यांच्या रक्तात फारसं नाही. मोकळं सोडू नका. बाल्कनीच्या गजांतून डोकं गेलं की उरलेलं अंगही जातं, आजच जाळी लावा.

शू_शाळा
शूसाठी: झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर १५ मिनिटांनी, खेळ थांबल्यावर आणि जागेपणी एरवीही तासाभराने ठरलेल्या जागी न्यायचं. लस पूर्ण होईपर्यंत ती जागा म्हणजे बाथरूमजवळचा ट्रे. झाल्यावर तिथेच, दोन सेकंदांच्या आत खाऊ. खोलीत परत येऊन दिला तर तिला तो परत येण्याचा वाटतो. रात्री तुमच्या पलंगाशेजारी लहान क्रेट (बंद करता येणारा पिंजरा), फक्त उठून वळता येईल एवढा. मोठा असला तर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप. पहिले काही आठवडे रात्री एकदा गजर लावून उठावं लागेल.

फिनाइल वापरू नका. पोट फरशीला घासतं, मग ती ते चाटते. शू आधी टिपून घ्या, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. शूवर थेट ब्लीच ओतू नका, वायू सुटतो. आणि नाक शूत घासणं, ओरडणं याने ती एवढंच शिकते की तुमच्यासमोर करायची नाही, सोफ्यामागे जाऊन करायची.

तिसरा_मजला
खूप आभार! सुताराला आजच फोन करते. गादी सरकली तर कळतं कसं?

गादी_सांभाळा
ताई, पाठ कमानीसारखी धरणं, मान न वळवणं, उचलल्यावर किंचाळणं, उगाच थरथरणं, नेहमीच्या रॅम्पपाशी थबकणं. यातलं काहीही दिसलं तर क्रेटमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. मागचा पंजा उलटा पडू लागला किंवा पाय ओढत असेल तर तासांचा हिशोब असतो, रात्र असली तरी निघा. नेताना फळीवर किंवा टोपलीत आडवं. मालिश नाही, आणि आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल-आयब्युप्रोफेन तर मुळीच नाही. गोळ्यांनी दुखणं थांबलं की कुत्रं उड्या मारायला लागतं आणि अर्धवट फुटलेली गादी पूर्ण फुटते. म्हणून बरं दिसलं तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे, सहसा चार किंवा जास्त, क्रेटमधून फक्त शू-शीसाठी बाहेर, तेही पट्ट्याला धरून.