डांगराचं रोग न पडणारं बियाणं कुठे मिळतं? लवकर सांगा

यावलचा_वावरी: दीड एकर डांगर हातचं चाललंय. मल्चिंग, ठिबक, औषधं, कशातच कसूर नाही. मोबाईलवर वाचलं की आता वेलवर्गीय पिकांचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचून रोग न येणाऱ्या जाती काढतात. ते बियाणं कुठे मिळतं, पाकीट केवढ्याला? पुढच्या आठवड्यात दुसरा प्लॉट लावायचाय. फवारणीचे सल्ले नकोत.

गच्चीबाग_पुणे: डांगर म्हणजे लाल भोपळा ना? आंबट ताक पाण्यात घालून फवारा. माझ्या तीन कुंड्यांतली भुरी गेली.

यावलचा_वावरी: भोपळा नाही ताई, आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. आणि फवारणी नको म्हटलं ना.

केळीवाला_रावेर: शेजारी केळी आहे का, ते आधी सांग भो. सीएमव्ही हा मोझॅक विषाणू काकडी-खरबुजात राहतो आणि मावा तो केळीत आणतो. त्यानं येणाऱ्या हरण्या रोगापायी मी टिश्यूकल्चरची रोपं उपटून फेकलीत. केळीच्या बांधाला डांगर लावूच नये.

यावलचा_वावरी: केळी आहे, पण पानांवर काही नाही. वेल जातात.

बियाणं_आणि_बरंच: जातात म्हणजे कसे? पानावर पिवळे ठिपके आणि खालून करडी-जांभळी बुरशी असेल तर केवडा. पांढरी पावडर असेल तर भुरी. दुपारी वेल मान टाकतो, संध्याकाळी सावरतो आणि चार दिवसांनी उठतच नाही, असं असेल तर मर रोग. प्रत्येकाचं जनुक वेगळं. काकडीचा जीनोम २००९ मध्ये आला, खरबुजाचा २०१२, कलिंगडाचा २०१३. त्यामुळे पैदासकाराला आता रोपाच्या पानाचा तुकडा तपासून हवं ते जनुक आलंय का हे कळतं, फळाची वाट बघावी लागत नाही. पण 'सगळे रोग बंद' असं पाकीट कुणाकडेच नाही.

जुनं_तेच_सोनं: म्हणजे बीटीच! सरकारनं बीटी वांगं २०१० मध्ये अडवलं ते उगाच नाही.

बियाणं_आणि_बरंच: काका, हा नेहमीचाच संकर आहे, फक्त निवड डीएनए बघून होते. बाहेरचं जनुक घालत नाहीत. आणि यातली कितीतरी जनुकं आपल्याच मातीतली. अमेरिकेच्या बियाणे बँकेत पीआय ४१४७२३ म्हणून एक भारतीय खरबूज आहे, पिकल्यावर फुटणारं. भुरी, मावा आणि एका मोझॅक विषाणूला ते दाद देत नाही. पण फळ फुटकं, चवही बेताची. म्हणून पुन्हा पुन्हा गोड जातीशी संकर करायचा आणि ते एकच जनुक टिकवायचं, त्यात वर्षं जातात.

जुनं_तेच_सोनं: मग आमच्या बांधावरची शेंदाडं काय वाईट होती? तीही तणनाशकानं संपवली.

शिरपूरकर: मना वावरमा बी असंच व्हयनं व्हतं. शेणखतात ट्रायकोडर्मा, ती मित्र-बुरशी, मुरवून टाक, बाकी काही करू नको.

केळीवाला_रावेर: वेल मेल्यावर ट्रायकोडर्मा? बारशाचं आमंत्रण तेराव्याला.

यावलचा_वावरी: दुपारी मान टाकतात, हेच. मग मरचं बियाणं सांगा.

बियाणं_आणि_बरंच: पाकिटावर एफओएम (मरच्या बुरशीचं लघुनाव) याच्यापुढे आकडे बघा. मरच्या बुरशीचे ०, १, २ आणि १.२ असे प्रकार आहेत. फॉम-१ जनुक ०, २ थोपवतं, फॉम-२ जनुक ०, १. दोन्ही असतील तरच ०, १, २ लिहितात, आणि १.२ त्या दोघांनाही जुमानत नाही. एचआर म्हणजे भक्कम प्रतिकार, आयआर म्हणजे मध्यम. नुसतं 'रोगप्रतिकारक' लिहिलं असेल तर दुकानदाराला विचारा, कशाला. पण त्याआधी एक वेल मुळासकट उपटा, खोड उभं चिरा आणि फोटो टाका.

सुरती_व्यापारी: माल किती निघेल? जाळीदार असेल तर मी घेतो.

यावलचा_वावरी: फोटो टाकलाय. आत तपकिरी रेघा आहेत. मुळांना आल्यासारख्या गाठी आहेत.

बियाणं_आणि_बरंच: अहो, या गाठी सूत्रकृमीच्या, मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या! मूळ ते फोडतात, मग मर आत शिरते. आधी त्या जागी काय होतं?

यावलचा_वावरी: टोमॅटो. त्याआधी भेंडी. ते कुणी विचारलंच नाही.

केळीवाला_रावेर: 😀

बियाणं_आणि_बरंच: दोन्ही पिकं सूत्रकृमीची आवडती. खरबुजात सूत्रकृमीला पुरून उरणारी जात बाजारात नाही. आफ्रिकेतल्या काटेरी काकडीत ती ताकद आहे, पण खरबुजाशी तिचा संकर जमत नाही. त्याच रानात लावणार असाल तर एफओएम ०, १, २ वालं पाकीटसुद्धा वाया जाईल. गाठीची मुळं आणि ओली माती पिशवीत घेऊन पालच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

यावलचा_वावरी: दुसरा प्लॉट नदीकडच्या वावरात आहे. तिथं मागच्या वेळी दादर होती.

बियाणं_आणि_बरंच: हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंत! तिथली माती वेगळ्या पिशवीत न्या.

गच्चीबाग_पुणे: दादर म्हणजे ज्वारी ना? की जिना?