लेकीला लेपर्ड गेको हवाय, खरा खर्च किती येतो?

अकरावर्षांचीआई (कोलंबस, ओहायो)
नमस्कार मंडळी. लेकीने दोन वर्षं कुत्र्यासाठी हट्ट केला, आता गाडी लेपर्ड गेकोवर आलीय. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, "पाल? आणि पैसे देऊन? आम्ही झाडूने हाकलतो!" दुकानात गेको 40 डॉलरला आहे. शेजारीच टाकी, लाल वाळू, दिवा असा संच 130 ला. म्हणजे पावणेदोनशेत भागेल? हिशेब फारच सोपा वाटतोय, म्हणून मनात (दुसरी) पाल चुकचुकतेय. शिवाय मे-जूनमध्ये पाच आठवडे भारतात जायचंय.

बंड्याचा_बाप (डॅलस)
ताई, तो संच घेऊ नका. मी घेतला होता. टाकी 10 गॅलनची, वाढलेल्या गेकोला अपुरी. थर्मोस्टॅट नाही. आणि ती वाळू! आमचा बंड्या किडा पकडताना वाळूही गिळायचा. मग दोन आठवडे शी नाही, शेपूट बारीक होत चाललेली. गेकोची शेपूट म्हणजे त्याची मुदतठेव, चरबी तिथेच साठते. ती मोडायला लागली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. डॉक्टर, एक्स-रे, औषध धरून 280 डॉलर, 35 डॉलरच्या प्राण्यावर. बायको आठवडाभर बोलली नाही. बंड्याशी नव्हे, माझ्याशी.

नंतर सगळं नव्याने केलं ते असं. 40 गॅलनची वापरलेली टाकी 60 ला, वरची जाळी 20. खाली चिकटवायची हीट मॅट 25, थर्मोस्टॅट 35. इथे कंजुषी नको, मॅट बेताल तापली तर पोट भाजतं. प्रोबवाला थर्मामीटर 12: ऊबदार बाजूची जमीन 90 फॅरनहाइटच्या आसपास हवी, दुसरी बाजू 75 च्या. लपायच्या दोन गुहा 25. तिसरी, ओलसर, कात टाकण्यासाठी लागते. ती मी श्रीखंडाच्या डब्याला भोक पाडून केली, आत ओलं मॉस. कॅल्शियम आणि व्हिटॅमिनची पूड 20. तळाला पेपर टॉवेल. झाले 197, तुमचा गेको धरून 237.

विजेला घाबरू नका. 16 वॅटची मॅट चोवीस तास चालली तरी महिन्याला साडेअकरा युनिट, 15 सेंटच्या दराने दोन डॉलरही नाहीत. किड्यांना महिन्याला 15-20. आणि तेवढेच डॉक्टरसाठी बाजूला टाका, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा.

हो, हे प्राणी नीट सांभाळले तर 15-20 वर्षं जगतात. लेक कॉलेजला जाईल, गेको तुमच्याकडे राहील.

गॅरेजमधला_फ्रिज
बंड्याच्या बापाने किड्यांवरून पटकन गाडी पुढे काढली, तिथेच खरी मेख आहे. आमचं घर पक्कं शाकाहारी. मीलवर्म थंडीत सुस्तावून टिकतात, पण अळ्यांचा डबा दह्याशेजारी? गॅरेजमध्ये जुना फ्रिज आला, 90 डॉलर. रातकिडे एकदा सुटले, तर वॉशिंग मशीनमागे एकजण नऊ दिवस गात होता. आता डुबिया आणतो. आहेत झुरळंच, पण गुळगुळीत काचेवर चढत नाहीत.

भारतवारीचं म्हणाल तर पिल्लाला रोज खाऊ लागतो, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतो. शेजारचा चौदा वर्षांचा मुलगा आम्ही फेरीला 5 डॉलर देऊन ठेवला. पंधरा फेऱ्या, 75 डॉलर. त्यामुळे यंदा पिल्लू घेऊ नका, मोठा घ्या.

जळगावकर
थोडं अवांतर. या गेकोची सख्खी भावंडं आपल्या महाराष्ट्राच्या रानातही आहेत. लोक विषारी समजून मारतात बिचाऱ्यांना. विष अजिबात नाही. पण कुणी हे वाचून रानातून पकडून आणायला जाऊ नका.

अकरावर्षांचीआई
सगळ्यांचे आभार. 280 चा आकडा वाचून नवऱ्याने वहीच काढली. ठरलं असं: गेको घ्यायचा तो आम्ही भारतातून परत आल्यावर. टाकी मात्र या महिन्यातच, आणि लेकीने तीन आठवडे रिकाम्या टाकीचं तापमान रोज दोनदा लिहायचं. आज पहिला दिवस, सकाळचं लिहिलंय, संध्याकाळचं विसरली.

सासूबाई विचारतायत, घरातल्या बाकीच्या पाली तो खातो का?